विश्लेषण : स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरचे जुनाट दुखणे संथ व्यायामाने कमी होते का?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, जखम भरते. तरीही काखेत मुंग्या, छातीत आग, दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो. डेन्मार्कमध्ये २००५ व २००६ साली शस्त्रक्रिया झालेल्या महिलांच्या पाहणीत दोन-तीन वर्षांनंतरही ४७ टक्के जणींना वेदना होत असल्याचे आढळले. घरी मात्र ‘कॅन्सर गेला ना, मग आता काय दुखते?’ असेच ऐकावे लागते.

दुखते कशामुळे?

काखेतील गाठी काढताना तिथून दंडाकडे जाणारी संवेदनेची नस अनेकदा ताणली किंवा कापली जाते. रेडिएशन घेतलेल्यांत आणि तरुण महिलांत त्रास अधिक दिसतो. त्यात भीतीची भर पडते. दुखेल म्हणून हात अंगाशी धरून ठेवला जातो, खांदा आखडतो, आणि मग साधे केस विंचरतानाही कळ येते. झोप उडाली, काळजी वाढली की तीच वेदना जास्त जाणवते. म्हणजे दुखणे ‘मनाचे’ नव्हे. पण मनाचा त्यात वाटा असतो.

संथ व्यायाम काय करतो?

नेमके हेच चक्र तोडतो. चीनमधील चीगाँग, ताई ची किंवा आपल्याकडील सौम्य योगासने यांत श्वासाच्या लयीत हात हळूहळू उचलायचा, थांबायचा, सोडायचा. खुर्चीत बसूनही हे जमते. हात हलवला तरी इजा होत नाही, हा भरवसा परत येणे महत्त्वाचे.

पुरावा किती भक्कम?

फारसा नाही. या विशिष्ट वेदनेवरील चीगाँगचे प्रयोग छोटे आहेत. मोठ्या चाचण्या हव्यात. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये कर्करोगातील वेदनांसाठी योगाचा पर्याय मान्य केला, तोही ‘पुरावा कमकुवत’ अशी नोंद करूनच. मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्तन कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर योगाचा अभ्यास केला, त्यातही भर होता तो सौम्य आसने, प्राणायाम आणि मधल्या विश्रांतीवर. समाजमाध्यमांवरील घाम काढणारा ‘पॉवर योगा’ म्हणजे हे नव्हे.

काळजी कोणती?

सुरुवात शल्यचिकित्सक किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून करावी. ताण जाणवला तर चालेल, तीव्र कळ आली की थांबावे. हाताला सूज, लाली, ताप, नवी गाठ किंवा अचानक वाढलेले दुखणे असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. सुरू असलेली वेदनेची औषधेही परस्पर बंद करू नयेत.