आडवाटेची शर्यत आणि मित्रधर्म

ज्या घरात विशीच्या आतबाहेरचा मुलगा आहे, त्या घरात हा प्रश्न केव्हा तरी जेवणाच्या पंक्तीत निघतोच. मुलगा म्हणतो, "मला शर्यतीत नाव द्यावयाचे आहे." कसली शर्यत, म्हणून आजी विचारते. धावण्याची नव्हे, पोहण्याची नव्हे. फटफटीची, आणि तीही डांबरी सडकेवरची नव्हे, तर माळ, चिखल, ओढे आणि दगडधोंडे यांतून जाणारी. आजीच्या हातातील पळी तेथेच थबकते. "बरोबर कोण आहे?" असे ती काळजीने विचारते. "शेजारचा मित्र." "म्हणजे दोघे मिळून जाणार?" "मिळून नव्हे, एकमेकांविरुद्ध." या उत्तराने तर सारी पंक्तीच स्तब्ध होते. आडवाटेला जावयाचे, आणि तेही मित्राला वैरी करून!

वडील अशा वेळी सरळ नकार देतात, काका पाठ थोपटतात आणि आई काहीच बोलत नाही. आमचा सारा जन्म मुलांना शिकविण्यात गेला. अनुभवाने आम्हांस असे वाटते की, ज्या गोष्टीचे स्वरूप घरातील वडील माणसांस ठाऊक नसते, तिच्याविषयी त्यांचा होकार आणि नकार हे दोन्ही सारखेच दुर्बळ ठरतात. म्हणून या शर्यतीची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी, आणि मित्राशी स्पर्धा म्हणजे काय याचाही थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

हा खेळ आजकालचा नव्हे. इंग्लंडमध्ये १९१३ साली कार्लाइल येथे सहा दिवसांची मोटारसायकल-कसोटी प्रथम भरली. वेगापेक्षा यंत्राचा टिकाऊपणा आणि स्वाराची चिकाटी पाहणे हा तिचा हेतू होता. पुढे १९२४ च्या मार्च महिन्यात सरे परगण्यातील कँबर्ली येथे झाडीतून आणि टेकड्यांवरून निव्वळ वेगाची शर्यत झाली, आणि आज ज्यास मोटोक्रॉस म्हणतात त्या खेळाचा आरंभ लोक तेथून धरतात. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४७ साली हॉलंडमध्ये निरनिराळ्या राष्ट्रांच्या संघांचा सामना झाला. १९७२ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे भर शहरातल्या क्रीडांगणात माती आणून उंचवटे रचले गेले आणि त्यांवर शर्यत लावण्यात आली. त्या प्रकारास सुपरक्रॉस हे नाव पडले. आपल्या पुण्यातही बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २०२४ च्या जानेवारीत अशीच माती पसरून सुपरक्रॉसच्या नव्या साखळी स्पर्धेची पहिली फेरी झाली. पुण्याचा ऋग्वेद बारगुजे याच्यासारखे मराठी तरुण या खेळात नावाजलेले आहेत.

परंतु मध्यमवर्गीय घराला अधिक जवळची वाटावी अशी एक शर्यत मुंबईच्या परिसरात १९९० च्या दशकापासून लोकप्रिय झाली. ती म्हणजे भर पावसाळ्यातील स्कूटरची शर्यत. ज्या वाहनावरून वडील कचेरीत गेले, आई भाजी घेऊन आली आणि पुढच्या फळीवर उभे राहून मुलाने वारा खाल्ला, तेच वाहन चिखलात घालावयाचे! पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडू लागलेल्या बजाज स्कूटरला राणा प्रतापाच्या चेतक घोड्याचे नाव होते. पण तिची खरी ख्याती प्रपंचाची ओझी वाहण्यात होती. तिची चाके लहान असतात. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून सहज निघून जाते, त्यात लहान चाक उतरून अडकते. म्हणून चिखलात स्कूटर सांभाळणे हे थोरल्या मोटारसायकलीपेक्षाही कित्येकदा कठीण असते.

आडवाटेवर वाहन चालविण्याची रीत सडकेच्या रीतीहून निराळी आहे. मोटारसायकलीचा स्वार बसून राहात नाही, तो पायटेकूंवर उभा राहतो. गुडघे आणि कोपर किंचित वाकवून आपल्या देहाचीच स्प्रिंग करतो. नजर पुढल्या चाकाशी नसते, ती दहा-वीस हात पुढे असते. कारण चाक नजरेच्या मागे जाते, आणि जो खड्ड्याकडेच पाहतो तो खड्ड्यातच पडतो. चिखलात भिऊन एकाएकी वेग तोडला तर पुढले चाक रुतते; म्हणून वजन मागे घेऊन वेग स्थिर राखावा लागतो. पाण्यातून जाताना खोलीचा अंदाज चुकला आणि हवा ओढण्याच्या तोंडातून पाणी आत गेले, तर इंजिन जागीच बंद पडते. असे हे शास्त्र आहे; निव्वळ धिटाई येथे पुरी पडत नाही.

आता आमच्या मीरा-भाईंदरविषयी दोन शब्द. एका बाजूस वसईची खाडी, दुसऱ्या बाजूस उत्तन आणि चौकचा समुद्रकिनारा, मध्ये मिठागरे आणि तिवरांची झाडी, पूर्वेस घोडबंदरच्या डोंगरांची रांग, अशी या भूमीची ठेवण आहे. पावसाळ्यात येथे चिखलाची वाण नसते, आणि तो पाहून तरुणांचे हात शिवशिवले तर नवल नाही. पण हौसेने कोणी मिठागराच्या बांधावर किंवा तिवरांत वाहन घालू लागला, तर त्यास घरच्यांनी निश्चयाने थांबवावे. बांध हा कोणाच्या तरी पोटाचा आधार असतो; आणि तिवरांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जीवनाच्या मूलभूत हक्काचाच भंग होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा तर सरळ गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार त्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देऊन गुन्हा घडला, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड ही शिक्षा पालकास सांगितली आहे. तेव्हा शर्यत करावयाची ती आखून दिलेल्या जागी, जाणत्या संस्थेच्या देखरेखीखालीच.

अशाच एका पावसाळी शर्यतीस आम्ही मुद्दाम गेलो होतो. ठाण्याच्या खाडीपलीकडे नवी मुंबईच्या बाजूस ती भरली होती, आणि आमच्या शेजारच्या इमारतीतील दोन तरुण तीत उतरले होते. दोघे लहानपणापासूनचे मित्र. एकाच बाकावर बसलेले, एकमेकांच्या घरी जेवलेले. दोघांच्याही जुन्या, गिअरच्या स्कूटरी होत्या. स्वारांस एकेका मिनिटाच्या अंतराने सोडीत होते. थोरला आधी सुटला, धाकटा मागाहून. अशा शर्यतीत प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर नसतो. स्पर्धा घड्याळाशी असते, आणि संध्याकाळी फळा लागेपर्यंत कोण पुढे हे कोणासच कळत नाही.

तिसऱ्या फेरीत एका नाल्यात थोरल्याची स्कूटर बुडाली आणि आडवी झाली. तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ती वर ओढू लागला. इतक्यात धाकटा आला. त्याने वेग मोडला, पाय टेकले आणि ओरडून विचारले, "लागलं का रे?" "नाही लागलं! तू जा!" "नक्की?" "अरे, जा म्हणतो ना!" एवढे बोलणे झाले आणि धाकटा निघून गेला. थोरल्याने स्कूटर काठावर घेतली, प्लग काढला, किक मारमारून आतले पाणी बाहेर काढले, प्लग सदऱ्याच्या कोरड्या कोपऱ्यास पुसून पुन्हा बसविला आणि बऱ्याच उशिरा पण स्वतःच्या बळावर शर्यत पुरी केली. धाकट्याचा क्रमांक त्याच्या पुष्कळ वर लागला.

खरी शर्यत घरी आल्यावर लागली. धाकट्याच्या मातोश्रींनी त्यास सर्वांदेखत फैलावर घेतले. "मित्र पाण्यात पडला आणि तू त्यास टाकून पुढे गेलास? हेच का शिकविले आम्ही?" मुलगा खाली मान घालून उभा राहिला. तेव्हा बोलला तो थोरला. तो म्हणाला, "काकू, तो मला टाकून गेला नाही. थांबला, विचारलं आणि मग गेला. माझ्या स्कूटरपायी तो मुद्दाम मागे राहिला असता, तर पुढल्या वर्षी मी त्याच्याशी शर्यतच लावली नसती."

हे उत्तर ऐकून आम्हांस आमच्या व्याकरणाची आठवण झाली. संस्कृतात 'बोलावणे' या अर्थाच्या क्रियापदाला, साद घालून गाईला बोलावले तर परस्मैपद होते. पण मल्ल जेव्हा मल्लास आव्हान देतो, तेव्हा स्पर्धेच्या अर्थी पाणिनीने तेथे आत्मनेपद सांगितले आहे. ज्या क्रियेचे फळ कर्त्याकडे परत येते तिचे पद आत्मनेपद, ही त्या संज्ञेमागची सामान्य कल्पना. आव्हान दुसऱ्यास द्यावयाचे, पण कस लागावयाचा तो आपला! मित्राने बळेच हरून दिलेला विजय हा आपला कस लागू न देणारा विजय होय. त्यात दया असेल, पण आदर नाही. थोरल्यास हेच म्हणावयाचे होते. आणि धाकट्याने आधी "लागलं का?" म्हणून विचारले, यात मित्रधर्माचा दुसरा अर्धा भाग आला. यंत्र बंद पडले तर ते ज्याचे त्याने सोडवावे; देहास इजा झाली तर मात्र शर्यत तेथेच संपली असे समजावे.

हा विवेक केवळ आमच्या शेजाऱ्यांचा नव्हे. जगातील अत्यंत कठीण समजल्या जाणाऱ्या शर्यतीतही तो पाळला जातो. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून आफ्रिकेतील डकार शहराकडे जी शर्यत प्रथम निघाली, ती पुढे दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरबस्तानच्या वाळवंटात भरू लागली. नाव मात्र डकारच राहिले. २०१६ साली बोलिव्हिया-आर्जेंटिनाच्या वाटेवर पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्वेस अग्रभागी होता. वाटेत ऑस्ट्रियाचा मथायस वॉकनर मांडीचे हाड मोडून पडलेला त्यास दिसला. वॉकनरची गाडी दुसऱ्या कंपनीची, संघ दुसरा, देश दुसरा. तरीही गोन्साल्वेस थांबला आणि मदत येईपर्यंत सुमारे अकरा मिनिटे त्याच्यापाशी राहिला. चालकांनी तो वेळ त्याच्या हिशेबातून वजा केला. कारण जखमी माणसासाठी थांबलेल्या स्वारास त्याचा वेळ परत द्यावा असा तेथे नियमच आहे. वॉकनर बरा झाला आणि २०१८ साली तीच शर्यत त्याने जिंकली.

या कथेचा उत्तरार्ध मात्र दुःखद आहे. गोन्साल्वेस पुढे आपल्या हिरो कंपनीच्या संघात आला. १२ जानेवारी २०२० रोजी सौदी अरबस्तानात सातव्या टप्प्यात तो पडला. मागून आलेला ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस, आदल्या वर्षीचा विजेता, गाडी टाकून त्याच्याकडे धावला आणि वैद्यकीय मदत आल्यावरही त्याच्यापाशी राहिला. परंतु गोन्साल्वेस वाचला नाही. तो चाळीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशीचा मोटारसायकलींचा टप्पा रद्द झाला आणि भारतीय संघाने शर्यतीतून माघार घेतली. पुढील वर्षापासून तेथे स्वारांस हवेने फुगणारे संरक्षक जाकीट सक्तीचे झाले. २०२२ मध्ये त्याच संघातील जोआकिम रॉड्रिगेस याने एक टप्पा जिंकला. डकारमध्ये भारतीय कंपनीचा तो पहिला टप्पाविजय. आणि हा रॉड्रिगेस गोन्साल्वेसचा मेहुणा होता.

आपले लोकही तेथवर पोहोचले आहेत. बंगळूरचा सी. एस. संतोष हा २०१५ साली डकार पुरी करणारा पहिला भारतीय ठरला. त्याचा क्रमांक छत्तिसावा होता. २०२१ मध्ये तो तेथेच गंभीर जखमी झाला, कित्येक दिवस बेशुद्धीत राहिला, पण त्यातून सावरला. केरळचा हरित नोहा २०२४ मध्ये एकूण स्वारांत अकरावा आणि आपल्या वर्गात पहिला आला. हा मुलांचाच खेळ असे समजणाऱ्यांनी बंगळूरच्याच ऐश्वर्या पिस्से हिचे नाव ध्यानात ठेवावे. २०१९ साली आडवाटेच्या शर्यतींचा महिलांचा विश्वचषक तिने मिळविला.

ही नावे आम्ही दिली ती मुलांस भुलविण्यासाठी नव्हे, आणि मृत्यूची गोष्ट सांगितली ती आयांस भिवविण्यासाठी नव्हे. धोका आहे, तो नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हणून मुलाने परवानगी मागितली म्हणजे घरच्यांनी त्यास काही प्रश्न शांतपणे विचारावेत. शर्यत १९७१ पासून काम करणाऱ्या राष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाच्या मान्यतेने भरत आहे काय? तुझ्याकडे स्पर्धेचा परवाना आणि विमा आहे काय? शर्यतीआधी वाहनाची तपासणी होणार आहे काय? जागेवर डॉक्टर व रुग्णवाहिका आहे काय? शिरस्त्राण, छाती-पाठीचे कवच, गुडघ्यांची व कोपरांची आवरणे आणि घोट्यावर येणारे बूट यांचा खर्च वाहनाच्या नटव्या साजाआधी करणार ना? यांतील एकाही प्रश्नास "बघू" असे उत्तर आले, तर परवानगीही तितकेच दिवस "बघू" म्हणून राखून ठेवावी.

आणि शेवटचा प्रश्न मित्राविषयी विचारावा. तुझा मित्र तुझ्यासाठी केव्हा थांबेल, आणि केव्हा थांबणार नाही? तू त्याच्यासाठी केव्हा थांबशील? ज्या दोन मुलांनी आपसांत या प्रश्नाचा निकाल आधीच लावून ठेवला आहे, त्यांस एकमेकांविरुद्ध सोडण्यास आमच्या मते हरकत नसावी. आडवाटेला सोबती हवाच. तो आपल्याहून थोडा वेगवान असला तर चालण्याला जोर येतो, आणि पडलो असता त्यास आपली हाक ऐकू आली म्हणजे झाले.