वृद्धांची घरची शुश्रूषा

वार्धक्यात अंथरूण धरावे लागले, तर शुश्रूषा आपल्या घरीच व्हावी, असे खेड्यातील व शहरातील बहुतेक वृद्धांना वाटते. अडचणी मात्र दोहोंकडे निरनिराळ्या. खेड्यात शेजारीपाजारी हाकेच्या अंतरावर असतात, पण परिचारिका पुष्कळदा कोसभर दूर असते. शहरात दवाखाना समोर असला, तरी सारी मंडळी कामावर गेल्यावर वृद्धास पाणी देणारे कोणी घरात उरत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील माणसे १० कोटींहून अधिक होती. त्यांतील सुमारे ७० टक्के खेड्यांत राहत होती.

केरळातील कोझिकोडे येथे १९९३ मध्ये असाध्य रोग्यांच्या वेदना शमविण्याचे कार्य सुरू झाले. परंतु अंथरुणाला खिळलेला रोगी दवाखान्यात येणार कसा? तेव्हा शुश्रूषाच त्याच्या दारी जाऊ लागली. शेजारचे लोक शिक्षण घेऊन स्वयंसेवक झाले. २००८ मध्ये राज्य सरकारनेही हे धोरण स्वीकारले. परिचारिका घरी येते, पाठीवरील व्रण धुते आणि रोग्याची कूस कशी बदलावी, हे घरच्यांना दाखविते. कारण ती पुन्हा येईपर्यंत रात्रंदिवस ते काम त्यांनाच करावयाचे असते.