आकड्याखाली गाडलेला लेखक

३ मार्च २०२२ रोजी जपानी रहस्यकथाकार क्योतारो निशिमुरा गेले आणि मृत्युलेखांत सुरू झाली ती त्यांच्या पुस्तकांची मोजदाद. सहाशेहून जास्त पुस्तकं! तोक्यो स्कायट्री ६३४ मीटर उंच, म्हणून ६३५ पुस्तकांचा संकल्प त्यांनी सोडला आणि तडीसही नेला, ही हकिगत तर जो तो सांगत सुटला. मला ती मोजदाद अजून सलते. बाबुराव अर्नाळकरांच्या बाबतीत आपणही हेच केलं. हजारावर रहस्यकथा लिहिल्या म्हणून तोंडभर कौतुक, पण त्यांतली एखादी तरी मन लावून वाचायची तसदी नाही.

निशिमुरांचा जन्म १९३०चा. युद्ध संपता संपता लष्करी शाळेत, मग अकरा वर्षं सरकारी नोकरी. ती सोडल्यावर ट्रक चालवला, विमा विकला, खासगी गुप्तहेरगिरी केली. १९६५ साली एदोगावा राम्पो पुरस्कार मिळाला, तरी नाव घरोघरी पोचलं नव्हतं. चरित्रकारांना ही वर्षं फार प्रिय. माझे निशिमुरा सुरू होतात १९७८ साली, तोक्योहून क्यूशूला जाणाऱ्या 'हायाबुसा' या निळ्या शयनगाडीतल्या खुनापासून.

ऐंशीच्या दशकात मी नोकरीनिमित्त तोक्योत होतो. लोकलमध्ये कुणाच्या ना कुणाच्या हातात निशिमुरा असायचेच. तोत्सुगावा हा पोलीस अधिकारी आणि त्याचा साथीदार कामेई ही माणसं लोकांना नात्यातली वाटत. जपानी रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक दर महिन्याला विकत मिळे. ते शेजारी उघडून ठेवायचं आणि संशयिताने ही गाडी मध्येच सोडून विमानाने पुढचं स्थानक गाठलं असेल का, ते आपणच ताडून पाहायचं. मिनिटाची चूक वाचकाने पकडली असती, इतका उघड्यावर मांडलेला डाव. ही नुसती कोडी आहेत म्हणून नाकं मुरडणारे विद्वान मला तेव्हाही भेटले. त्यांनी निशिमुरांची १९८०ची, तोक्योतल्या उएनो स्थानकावरची कादंबरी वाचली नसावी.

अओमोरीहून पोटासाठी तोक्योत आलेले सात वर्गमित्र काही वर्षांनी रात्रीच्या गाडीने गावाकडे निघतात आणि एकेक करून मारले जातात. उत्तरेकडच्या पोरांना उएनो म्हणजे कोकणातल्या चाकरमान्यांची मुंबईच. राजधानीत पाऊल पडायचं ते याच फलाटावर आणि गावची बोली कानावर पडायची तीही इथेच. कामेई स्वतः त्याच मुलखातला, त्यामुळे तपास करताना त्याच्या आत जे हलतं ते कुठल्याही वेळापत्रकात सापडत नाही. १९८१ साली जपानच्या रहस्यलेखक संघाने या पुस्तकाला पुरस्कार दिला, तो कोड्यासाठी खचित नव्हता.

१९८७ साली सरकारी रेल्वेचे तुकडे झाले. १९९१मध्ये उत्तरेची शिंकान्सेन ही अतिवेगवान गाडी उएनो ओलांडून तोक्यो स्थानकापर्यंत आली. 'हायाबुसा' शयनगाडी २००९ साली बंद पडली आणि दोन वर्षांनी तेच नाव अओमोरीच्या शिंकान्सेनला चिकटवलं. २०१५ साली निळ्या गाड्यांतली शेवटची 'होकुतोसेई'ही थांबली. रात्रभराचा प्रवास तीन-साडेतीन तासांवर आल्यावर खुन्याला डबा बदलायला, साक्षीदाराला झोप लागायला सवड कुठली? निशिमुरा लिहीत राहिले. पुढची बरीच पुस्तकं मला विरळ वाटली, पण गाड्याच उरल्या नव्हत्या त्याचा दोष लेखकाच्या माथी मारणं मला मान्य नाही. मराठीत त्यांचं एकच पुस्तक आणायचं झालं, तर ते उएनोचं आणावं.