मुळाशी आणि मोहोळात: सूक्ष्मजीवांविषयीचे काही गैरसमज

१८९६ साली मुंबईत प्लेगाने थैमान घातले, हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यावर लस सिद्ध केली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. अशा या शहरात जंतू म्हणजे वैरी ही धारणा गिरगावापासून लालबागपर्यंत घरोघर रुजावी, हे स्वाभाविकच होय. परंतु आपल्या दारची झाडे आणि सज्जाखालची मोहोळे ज्यांच्या आधारावर जगतात, त्या उपकारक सूक्ष्मजीवांची कैफियतही एकदा ऐकून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज: मुळांना बुरशी लागली की झाड गेलेच.

वस्तुस्थिती: मुळे कुजवणाऱ्या बुरशा आहेत, हे खरे, परंतु मुळे आणि बुरशी यांच्या सहजीवनाला १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनी शास्त्रीय नाव दिले, तो प्रकार निराळा. झाड पानांत तयार झालेली साखर बुरशीला देते आणि मुळे पोहोचत नाहीत तेथले स्फुरद व पाणी बुरशी आपल्या तंतूंनी ओढून आणते. आंबा, फणस, वड यांचा संसार असाच चालतो. दादर-माटुंग्याच्या रस्त्यांवर छाया धरणारा पर्जन्यवृक्ष तर शेंगवर्गीय. त्याच्या कोवळ्या मुळावरची जिवंत गाठ नखाने फोडली, तर आत रक्तातील हिमोग्लोबिनशी नाते सांगणाऱ्या द्रव्याची गुलाबी छटा दिसते, आणि तेथेच राहणारे जीवाणू हवेतील नत्र झाडाला पचेल अशा रूपात आणून देतात.

गैरसमज: बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक बसवले की झाड सुरक्षित.

वस्तुस्थिती: तसे केल्याने मातीत पाणी व प्राणवायू शिरत नाही, आणि मुळांबरोबर त्यांचे हे सोबतीही गुदमरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचा एक मीटरचा घेर मोकळा करण्याचा हुकूम दिला, तो याच विचाराने.

गैरसमज: मधमाशीच्या पोटातील जंतू तिला मारक असतात.

वस्तुस्थिती: काही जंतू रोग आणतात, परंतु सगळे नव्हेत. कोषातून नुकतीच बाहेर पडलेली कामकरी माशी जवळजवळ जंतुविरहित असते. पहिल्या काही दिवसांतच मोहोळातील बहिणींच्या सहवासाने तिच्या आतड्यात ठरावीक जीवाणूंची वस्ती होते. हे जीवाणू परागकणांची कवचे पचवण्यास साहाय्य करतात आणि रोगजंतूंना थोपवतात. प्रतिजैविकांनी ही वस्ती विस्कटली, तर माशांचे आयुष्य घटते, असे प्रयोगांत आढळले आहे.

गैरसमज: मधात जंतू टिकतच नाहीत, तेव्हा नवजात बाळाला तो चाटवण्यास हरकत नाही.

वस्तुस्थिती: मधात जीवाणू वाढत नाहीत, तरी बॉट्युलिझम या विषबाधेला कारण होणाऱ्या जीवाणूंचे बीजाणू त्यात तग धरू शकतात, म्हणून रूढी कितीही प्रिय असली, तरी वर्षाच्या आतील बालकाला मध देऊ नये.

जंतूंविषयी सावधगिरी हवीच, पण सरसकट वैर नको. तेव्हा सोसायटीच्या आवाराचे काम काढताना बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवण्याची अट कंत्राटात लिहून घ्यावी, आणि सज्जाखालचे मोहोळ जाळण्याऐवजी जाणकारास बोलवावे, एवढीच वाचकांस विनंती.