पाहुणे आले अन् घरच बळकावलं!

बालमित्रांनो, परवा चौथीच्या वर्गात मी एक कोडं घातलं. "असा एक देश सांगा, जिथल्या जंगलात मूळचा वाघ नाही, कोल्हा नाही, हरीण नाही, माकड नाही, साप नाही. एवढंच काय, साधा उंदीरसुद्धा नाही!"

एक जण म्हणाला, "वाळवंट!" दुसरीनं तर सरळ "चंद्र!" म्हणून टाकलं. सगळा वर्ग खो खो हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा आमचा क्रिकेटवेडा उभा राहिला आणि दबकत म्हणाला, "बाई, न्यूझीलंड? किवींचा देश?"

शाबास! अगदी बरोबर उत्तर. पण असं का झालं असेल बरं?

फार फार वर्षांपूर्वी, सुमारे 8 कोटी वर्षांपूर्वी, न्यूझीलंडची जमीन एका प्रचंड मोठ्या भूखंडापासून तुटून समुद्रात दूर सरकू लागली. त्या भूखंडाला शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. हे नाव कुठून आलं ठाऊक आहे? आपल्या मध्य भारतातल्या गोंड लोकांच्या मुलखावरून! आपला भारतही त्याच भूखंडाचा एक तुकडा. म्हणजे न्यूझीलंड आपला दूरचा भाऊच म्हणायचा.

हा भाऊ समुद्रात एकटा पडला. चालत तिथं कुणी पोचणार कसं? पोचले ते उडणारे आणि पोहणारे. म्हणून न्यूझीलंडचे मूळ सस्तन प्राणी म्हणजे समुद्रातले सील, समुद्रसिंह, डॉल्फिन, देवमासे आणि जमिनीवर फक्त वटवाघळं. बस्स!

ही वटवाघळंही मोठी मजेशीर. माओरी लोक त्यांना पेकापेका म्हणतात. त्यातलं आखूड शेपटीचं वटवाघूळ जेमतेम 15 ग्रॅम वजनाचं. चहाचे तीन चमचे साखर घ्या, तेवढंच! ते पंख नीट घडी करून ठेवतं आणि पुढच्या पायांसारखे वापरत जंगलाच्या जमिनीवर तुरुतुरु चालतं. पालापाचोळ्यात किडे शोधतं. जमिनीलगत फुलणाऱ्या एका दुर्मीळ वनस्पतीच्या फुलातला मध पितं आणि तिचं परागीभवनही करतं.

जमिनीवरचे राजे

खाली शिकारी प्राणीच नाहीत म्हटल्यावर पक्षी निर्धास्त झाले. कित्येकांनी उडणंच सोडलं. किवी जमिनीवर फिरू लागला. काकापो नावाचा जाडजूड हिरवा पोपट तर रात्री जंगलात पायी हिंडतो! शत्रू असायचा तो आकाशात: गरुड आणि ससाणे. ते डोळ्यांनी शिकार हेरतात. म्हणून धोका दिसला की काकापो जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. हिरवा पक्षी हिरव्या झाडीत दिसेनासा होतो. युक्ती नामी होती.

पण समजा, शत्रू डोळ्यांनी नाही तर नाकानं शिकार शोधणारा असेल तर? तर मात्र स्तब्ध उभा पक्षी म्हणजे ताटात वाढलेलं जेवणच की!

पाहुण्यांची रांग

सुमारे 700 वर्षांपूर्वी माओरी लोक होड्यांतून इथं आले. त्यांच्याबरोबर कुत्रा आणि एक लहान उंदीर आला. 1769 मध्ये कॅप्टन कुक पोचला आणि मग युरोपातली जहाजं येऊ लागली. जहाजांतून मोठे उंदीर उतरले. मांजरं आली, डुकरं आली. गोऱ्या लोकांनी मांसासाठी आणि शिकारीच्या हौसेसाठी ससे आणले. ससे इतके वाढले की 1870 च्या सुमारास त्यांनी मेंढ्यांची कुरणंच फस्त करायला घेतली.

आता काय करायचं? सशांना खाणारा प्राणी आणायचा! 1880 नंतर स्टोट नावाचा मुंगसासारखा लांबट, चपळ शिकारी मुद्दाम आणून सोडला. पक्ष्यांच्या जाणकारांनी परोपरीनं बजावलं होतं, "असं करू नका." कुणी ऐकलं नाही. स्टोटनं ससे खाल्ले, पण ससे संपले नाहीत. उडता न येणारे पक्षी, त्यांची अंडी, त्यांची पिल्लं मात्र त्याला आयतीच मिळाली.

फरच्या व्यापारासाठी ऑस्ट्रेलियातून पॉसम आणला. मांजराएवढा, मोठ्या डोळ्यांचा, गोंडस दिसणारा प्राणी. तो रात्रभर झाडांचा कोवळा पाला ओरबाडतो आणि संधी मिळाली की घरट्यातली अंडीही खातो. त्याची संख्या कोट्यवधींवर गेली. गंमत बघा, ऑस्ट्रेलियात याच पॉसमला कायद्यानं संरक्षण आहे!

हेन्रीची गोष्ट

आता तुम्हांला एका माणसाची गोष्ट सांगते. त्याचं नाव रिचर्ड हेन्री. पक्षी संपत चाललेत हे त्यानं ओळखलं. 1894 साली तो सरकारचा रखवालदार म्हणून रेझोल्यूशन नावाच्या बेटावर राहायला गेला. तिथं स्टोट नव्हते. मुख्य भूमीवरचे काकापो आणि किवी पकडायचे, होडीत घालायचे, वल्ही मारत बेटावर न्यायचे आणि सोडायचे. थंडी, पाऊस, वादळ, कशाचीही त्यानं पर्वा केली नाही. शेकडो पक्षी त्यानं असे हलवले.

आणि 1900 साली त्या बेटावर स्टोट दिसला. पोहत आला होता! एखादा किलोमीटर समुद्र स्टोट सहज पोहून जातो. हेन्रीची इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली.

वाया गेली का खरंच? थांबा. गोष्ट संपलेली नाही.

1964 साली दक्षिणेकडच्या बिग साऊथ केप या बेटावर उंदरांनी थैमान घातलं. ते तिथं नुकतेच होडीतून पोचले होते. बातमी कळताच वन्यजीव खात्याची माणसं धावली. सॅडलबॅक जातीचे 36 पक्षी त्यांनी पकडून दुसऱ्या बेटांवर नेले आणि ती जात वाचली. दोन जातींच्या पक्ष्यांना मात्र वाचवता आलं नाही. तिथलंच मोठं आखूडशेपटी वटवाघूळ 1967 मध्ये शेवटचं दिसलं. त्यानंतर ते कुणालाच दिसलेलं नाही.

या घटनेनं सगळ्यांचे डोळे उघडले. हेन्रीचीच कल्पना पुन्हा हाती घेतली गेली, फक्त एक पायरी वाढवून: आधी बेट उंदीर-स्टोटमुक्त करायचं आणि मगच पक्षी न्यायचे. 2001 साली कॅम्पबेल हे 11,000 हेक्टरांहून मोठं बेट हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून उंदीरमुक्त केलं गेलं. 1995 मध्ये काकापो फक्त 51 उरले होते. अशाच सुरक्षित बेटांवर जपल्यामुळे आज ते दोनशेच्या वर आहेत. 2016 साली तर सरकारनं जाहीरच केलं, की 2050 सालापर्यंत सगळा देश उंदीर, स्टोट आणि पॉसम यांच्यापासून मुक्त करायचा!

या कामात शाळकरी मुलंही आहेत बरं का. ती पाऊलखुणांचे बोगदे ठेवतात. छोट्या बोगद्यात कागद घालायचा, मध्ये शाई आणि थोडं शेंगदाण्याचं लोणी. खाऊच्या वासानं प्राणी आत शिरतो आणि शाईचे पाय उमटवून जातो. पाऊल कुणाचं ते ओळखायचं आणि वहीत लिहायचं. 2021 मध्ये तर तिथल्या 'वर्षातला पक्षी' या लोकप्रिय स्पर्धेत लोकांनी चक्क लांब शेपटीच्या वटवाघळाला निवडून दिलं! पक्षी नसूनही तो जिंकला, का? तर त्याच्यावरचं संकट सगळ्यांना कळावं म्हणून.

"पण बाई, पॉसमचा काय दोष?"

हे सगळं सांगून झालं आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "बाई, पॉसम काही स्वतःहून आला नव्हता. त्याला का मारायचं?"

मुलांनो, खरं सांगते, क्षणभर मला बोलताच येईना. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पॉसमचा काही दोष नाही. स्टोटचाही नाही. दोष आणणाऱ्यांचा. न्यूझीलंडमध्येही या प्रश्नावर वाद होतात. आकाशातून विष टाकायला तिथल्या अनेकांचा विरोध आहे. पण दुसरी बाजूही बघा. जिथं राखण नाही, तिथं किवीच्या शंभर पिल्लांतली जेमतेम पाच मोठी होतात. बहुतेकांचा फडशा स्टोट पाडतो. आपण काहीच केलं नाही, तर किवीची पिल्लं मरतात. तीसुद्धा निर्दोषच ना?

मी तिला एवढंच म्हटलं, "बाळ, चूक एकदा घडली की तिचं सोपं, गोड उत्तर उरत नाही. म्हणून चूक करण्याआधीच थांबायचं." तिला ते पुरतं पटलं की नाही, कोण जाणे. पण तिनं विचारलं, याचा मला आनंद झाला.

अजून एक पाहुणा सांगायचा राहिला. तो आपल्याकडचा! हिमालयातली ताहर नावाची रानशेळी 1904 साली शिकारीसाठी तिथल्या डोंगरांत सोडली. तिकडे तिची संख्या वाढली आणि ती तिथल्या नाजूक पर्वतीय वनस्पती खाऊन टाकते, म्हणून ती कमी करावी लागते. इकडे हिमालयात मात्र तिचीच काळजी वाटावी अशी स्थिती आहे. प्राणी तोच. एका जागी ठेवा, दुसऱ्या जागी उपद्रव!

आणि हे काही फक्त दूरदेशी घडतं असं नाही. आपल्या अंदमान बेटांवर इंग्रजांनी चितळं सोडली, ती आता तिथली रोपटी वाढू देत नाहीत. आपल्या शहरांतल्या तळ्यांत लाल कानांची परदेशी कासवं दिसतात. ती आली कुठून? कुणाच्या तरी घरच्या काचेच्या टाकीतून! लहानपणी छान दिसतात, मोठी झाली की जड होतात, मग "जाऊ दे बिचारं, मोकळं होईल" म्हणून लोक तळ्यात सोडतात.

तेव्हा पालकहो, असं कासव किंवा मासा घरी आणण्याआधी दहादा विचार करा. आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक उद्योग. रात्री अंगणात किंवा गच्चीच्या कोपऱ्यात चाळलेली माती पातळ पसरा आणि मध्ये दोन शेंगदाणे ठेवा. सकाळी कुणाकुणाची पावलं उमटली ते बघा. मांजर? चिचुंद्री? खार? की कावळेदादा? चित्र काढून वहीत तारखेसह लिहून ठेवा. आपल्या घराभोवती कोण राहतं, हे आधी कळायला हवं. मगच त्यांची काळजी घेता येते, नाही का?