गिऱ्हाईक रागावले तर आधी गवत पाहा

सभासद बंधूंनो, जी हरळी आपण उसाच्या रानातून खणून काढतो, तीच अकोल्यातले लोक बंगल्यापुढे पैसे देऊन लावून घेतात! बाळापूरकडची काही पोरे तिकडे हिरवळ राखायला जातात. धंदा चांगला आहे. पण मे महिन्यात पारा 45 अंशांकडे गेला की गवत पिवळे पडते आणि गिऱ्हाईक म्हणते, "काहून भाऊ, पैसे कशाचे घेतले?" येथे पोरगे तापले की काम गेलेच समजा.

उत्तर देण्याआधी खाली बसावे, खुरप्याने माती उकरून त्यांच्यासमोरच पाहावी. निम्मा राग तिथेच उतरतो. जुनी पाने पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या, तर तो आपल्या उसावरचा केवडाच, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ती हटकून दिसते. लिटरला 5 ग्रॅम हिराकस घेऊन संध्याकाळी फवारावे. फरशीवर उडू देऊ नये; तांबडे डाग पडतात आणि नवी तक्रार उभी राहते.

एका कापणीत पात्याचा तिसरा हिस्साच घ्यावा, उन्हाळ्यात गवत उंच ठेवावे. "बारीक कापा" असा हट्ट झाला तर न चिडता कारण सांगावे.

पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणी खारे. हरळी ते बऱ्यापैकी सोसते, नाजूक जातीचे गवत सोसत नाही. हे दर ठरवतानाच सांगावे. काम हातचे जाईल म्हणून काही पोरे गप्प बसतात, ते मला पटत नाही.