व्हिस्टच्या डावावर हेलसिंकी

१९५२ च्या ऑलिंपिकसाठी वांद्र्याच्या मेरी डिसूझा यांची निवड झाली, पण हेलसिंकीला जाण्यायेण्याच्या खर्चाची तजवीज त्यांनाच करायची होती. घरची ऐपत नव्हती. मग मित्रमंडळी कामाला लागली. त्यांनी एक नाचाचा कार्यक्रम आणि एक व्हिस्ट ड्राइव्ह ठरवला.

व्हिस्ट ड्राइव्ह हा प्रकार वांद्र्याबाहेरच्या मराठी वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. तिकीट काढून आत यायचं. एका टेबलावर चौघं, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. डावागणिक हुकूम बदलतो. जास्त हात करणारी जोडी उठून पुढच्या टेबलावर जाते, हरणारी तिथंच राहते. प्रत्येकाच्या कार्डावर हातांची नोंद होत जाते आणि शेवटी सगळ्यांत जास्त बेरीज असलेल्याला बक्षीस. बक्षिसं वजा जाता उरेल ती रक्कम ज्या कामासाठी ड्राइव्ह ठेवला त्याला. चर्चची डागडुजी, शाळेची मदत, असल्या कामांसाठी कॅथलिक वस्त्यांमध्ये हे सर्रास चालायचं. त्या वर्षी ते एका धावपटूसाठी झालं. तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदी होती, त्यामुळे नाचाचा कार्यक्रम निदान कागदोपत्री तरी सरबतावरच पार पडला असणार!

मेरी यांचा जन्म १९३१ चा. त्या वाढल्या ते वांद्रं मुंबईचं उपनगर असलं तरी स्वतःची नगरपालिका असलेलं गाव होतं. बृहन्मुंबईत ते आलं १९५० मध्ये. रानवार, पाली, चुईम या गावठाणांतली ईस्ट इंडियन घरं, गोव्याहून आणि मंगळूरहून आलेली कुटुंबं, आणि संध्याकाळी मैदानावर हॉकी. सेंट स्टॅनिस्लॉस शाळेनं हॉकीपटूंच्या पिढ्या घडवल्या. मुलीनं स्कर्ट घालून चारचौघांत धावणं या वस्तीत कुणाला खटकत नसे. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत चार बाय शंभर मीटर रिलेचं रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातली तीन नावं पाहा: रोशन मिस्त्री, पॅट मेंडोन्सा, मेरी डिसूझा. पारशी आणि ख्रिस्ती. बाकीच्या महाराष्ट्रात मुलींनी मैदानावर उतरायचं की नाही, यावरच अजून खल चालू होता. मेरी यांनी त्याच स्पर्धेत दोनशे मीटरमध्ये कांस्यही मिळवलं.

पैशाचं रडगाणं एकट्या वांद्र्याचं नव्हतं. त्याच ऑलिंपिकसाठी कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव वर्गणी मागत फिरत होते. मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडून हाती काही लागलं नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. इकडे पत्त्यांचा डाव, तिकडे गहाणखत. राज्य एकच, सरकार एकच, आणि खेळाडूला सरकारऐवजी आपापल्या गावानं परदेशी धाडलं. स्वातंत्र्योत्तर क्रीडाधोरणाबद्दल आपल्याकडे बरंच छापून येतं. मला तरी त्या वर्षीचं खरं धोरण या दोन हिशेबांत दिसतं.

हेलसिंकीला भारताच्या चार मुली गेल्या. धावायला मेरी आणि नीलिमा घोष, पोहायला डॉली नझीर आणि आरती साहा. आरती अवघ्या अकरा वर्षांची. मेरी शंभर आणि दोनशे मीटर धावल्या आणि दोन्हींत प्राथमिक फेरीतच बाहेर पडल्या. दोन्ही सुवर्णपदकं ऑस्ट्रेलियाच्या मार्जोरी जॅक्सननं नेली. २३ जुलैला खाशाबांनी कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक.  इजिप्तनं तर हेलसिंकीला तलवारबाजांचा अख्खा संघ पाठवला होता आणि फॉइलच्या सांघिक स्पर्धेत तो चौथा आला. भारताचा तलवारबाज मात्र ऑलिंपिकला पोहोचायला टोकियो उजाडावं लागलं, भवानी देवीच्या रूपानं. वर्गणीतून एखादी धावपटू पाठवता येते; अख्खा खेळ उभा करता येत नाही.

खाशाबांची कराडात बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली. मेरी पदकाविना परतल्या, पण थांबल्या नाहीत. मे १९५४ मध्ये मॅनिलाला क्रिस्टिन ब्राउन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी यांनी रिलेत जपानला मागं टाकलं. वेळ ४९.५ सेकंद. आशियाई स्पर्धेत भारतीय मुलींचं हे पहिलं सुवर्ण. रिले केवळ पायांच्या वेगावर जिंकता येत नाही. बॅटन देणारी आणि घेणारी, दोघी पूर्ण वेगात असताना हात न चुकता मिळावा लागतो आणि तेही ठरलेल्या पट्ट्यातच. एकेकट्या जपानी मुली जास्त वेगवान असल्या तरी इथं हिशेब बदलू शकतो. मेरी हॉकीतही भारताकडून खेळल्या. दोन खेळांत देशाचं प्रतिनिधित्व करणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

अर्जुन पुरस्कार सुरू झाले १९६१ मध्ये, तोवर मेरी यांची धावण्याची वर्षं सरली होती. स्टेफी डिसूझांना तो १९६३ मध्ये मिळाला. खाशाबांना २०००-०१ च्या सुमारास, मरणोत्तर. लग्नानंतर सिक्वेरा झालेल्या मेरी पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. २०१३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांना ध्यानचंद पुरस्कार जाहीर झाला. त्याची रक्कम तेव्हा पाच लाख रुपये होती.